‘माझा प्रवास’ : मूळ बखर व छापील प्रत

आडवाटेच्या साहसी प्रवासाचें पुस्तक कोणतें, असें येथें नामपुरास कोणी पुसल्यास आम्ही विष्णुभट गोडसे वरसईकरांचा ‘माझा प्रवास’ सांगतों. द्रव्यार्जनार्थ इ. स. १८५७ त उत्तरेस निघालेला हा भिक्षुक झांशीच्या वेढ्यांत सांपडला, नागवला गेला, तरी गंगेची कावड घेऊन घरीं परतला. चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं छापिलेली प्रत वाचनीय खरी. परंतु तींत मूळ लेखन पालटलेलें आहे. दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ त मूळ बखर छापिली. अभ्यासकांस तीच प्रमाण. भिक्षुकाची बोली हाही पुरावाच होय. यास्तव संग्राहकांनीं आपल्या दप्तरांतील प्रवासलेख ‘शुद्ध’ करूं नयेत; जसेच्या तसे राखावेत, हीच विनंति.