चार पेन्स आणि शहाण्णव

ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या ‘क्रॅकर’ या मालिकेतला ‘टू बी अ समबडी’ हा तीन भागांचा कथाभाग मी पहिल्यांदा पाहिला तो ऑक्टोबर १९९४ मध्ये, मँचेस्टरच्या भाड्याच्या घरात. मालिका घडते तीही त्याच शहरात. माझ्या बाळंतपणासाठी आई साताऱ्याहून आली होती. शेजारची मैत्रीण सोमवारी रात्री आमच्याकडे येई. ती लिव्हरपूलची, पेशाने नर्स. तिघी मिळून आम्ही ही मालिका पाहत असू. गेल्या हिवाळ्यात तिच्याचकडे बसून मी तो कथाभाग पुन्हा पाहिला. चित्रफितीत काहीच बदललेले नव्हते, तरी अर्थ बराच बदललेला होता. तो का बदलला, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

कथा थोडक्यात अशी. अल्बी किन्सेला हा कामगार. त्याचा बाप नुकताच कर्करोगाने गेला आहे. एका पाकिस्तानी माणसाच्या दुकानात तो खरेदीला जातो आणि त्याला चार पेन्स कमी पडतात. नंतर आणून देतो म्हणतो. दुकानदार नाही म्हणतो. अल्बी त्याच्या वर्णावरून शिव्या देऊन निघून जातो, डोक्याचा चकोट करतो, परत येतो आणि संगिनीने त्याचा खून करतो. पोलिसांपुढे एक आकडा येतो : ९६१५४८९. मानसशास्त्रज्ञ फिट्झ तो उलगडतो. १५ एप्रिल १९८९, आणि मृतांची संख्या ९६. त्या दिवशी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर एफ. ए. कपच्या उपान्त्य सामन्यात लिव्हरपूलचे प्रेक्षक लोखंडी कुंपणामागे चेंगरून मेले होते. अल्बी आणि त्याचा बाप त्यातून वाचलेले.

पटकथाकार जिमी मॅकगव्हर्न लिव्हरपूलचा. १९९४ साली हे लिहिणे म्हणजे काय होते, हे आज सांगावे लागते. दुर्घटनेनंतर चौथ्या दिवशी ‘द सन’ने ‘सत्य’ या मथळ्याखाली दोष प्रेक्षकांच्या माथी मारला होता. १९९१ मध्ये पंचांनी ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय दिला होता. म्हणजे अल्बी चौकशीच्या खोलीत जे बोलतो, की आम्हाला जनावरांसारखे कोंडले आणि वर आम्हालाच जनावर ठरवले, ते त्या वेळी सरकारदरबारी खोटे होते. खरे बोलण्याचे काम लेखकाने एका खुन्यावर सोपवले. आम्ही ते ऐकले, आणि माझी मैत्रीण ढसाढसा रडली.

आता मुंडणाकडे पाहू. या कथाभागावर इंग्रजांशी बोलताना हा मुद्दा मला नेहमी एकटीनेच मांडावा लागतो. चकोट केलेले डोके पाहून पोलीस वंशद्वेषी टोळक्यातला माणूस शोधू लागतात. पुढे अल्बी बेक नावाच्या पोलिसाच्या तावडीत सापडतो, तेव्हा कर्करोगाच्या औषधांनी केस गेल्याचे सांगतो. बेकला दया येते आणि तो त्याला सोडून देतो. एकाच डोक्याचे दोन अर्थ लावले जातात आणि दोन्ही चुकतात. आईला इंग्रजी जेमतेम कळत होते. अल्बी आरशासमोर उभा राहिला तेव्हा ती सहज म्हणाली, “ह्याचा बाप गेलेला दिसतोय.”

आईने आपल्या रीतीने वाचले आणि ती पोलिसांहून जवळ पोचली. अल्बी सुतकातच आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे क्षौर केले की दिवस घातले जातात, माणसे येऊन बसतात, तेराव्याला गोडाचे जेवण करून घर पुन्हा चालू होते. अल्बीकडे शोक संपवण्याची कोणतीच रीत नाही. बापाचे दुःख आणि शहाण्णव जणांचे दुःख एकात एक मिसळते आणि बाहेर पडायला वाट शोधते. ती वाट निघते चार पेन्ससाठी अडलेल्या दुकानात.

शहाण्णव हा आकडाही वाटतो तितका स्थिर नाही. त्या दिवशी ९४ जण गेले, काही दिवसांत पंचाण्णवावा. शहाण्णवावा टोनी ब्लँड. अठरा वर्षांचा हा मुलगा मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने बेशुद्धावस्थेत गेला आणि परत शुद्धीवर आला नाही. त्याचे कृत्रिम पोषण थांबवण्याची मुभा हाउस ऑफ लॉर्ड्सने फेब्रुवारी १९९३ मध्ये दिली आणि मार्चमध्ये तो गेला. मराठी वाचकाला हा निकाल अपरिचित वाटेल, पण तसा तो नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी जो निकाल दिला, त्यात ब्लँड खटल्याची विस्ताराने चर्चा आहे. अरुणाताईंची शुश्रूषा करणाऱ्यांना त्या जगायला हव्या होत्या, म्हणून त्यांच्याबाबतीत परवानगी नाकारली गेली. अल्बीच्या आकड्यातला शेवटचा माणूस असा परळपर्यंत येऊन पोचतो.

पुढे २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने दाखवले, की पोलिसांच्या १६४ जबान्यांमध्ये फेरफार झाले होते. २६ एप्रिल २०१६ रोजी नव्या पंचांनी निर्णय दिला : बेकायदा मनुष्यवध. प्रेक्षक निर्दोष. २०२१ मध्ये त्या दिवसाच्या जखमा घेऊन जगलेला आणखी एक जण गेला आणि मृतांची संख्या ९७ झाली.

म्हणजे अल्बीचे गाऱ्हाणे आता सिद्ध झालेले आहे. इथेच पुन्हा पाहताना माझी अडचण सुरू झाली. १९९४ मध्ये त्याच्या बाजूने उभे राहायला धैर्य लागत होते. आज ते सोपे आहे. आणि सोपे झाल्यावर जे तेव्हा दिसले नाही ते दिसू लागते. पटकथेने अल्बीला वेदना दिली, बाप दिला, लांबलचक भाषणे दिली. इन्स्पेक्टर बिलबरो त्याच्या हातून मरतो तेव्हा त्यालाही मोठा प्रसंग मिळतो : रस्त्यावर रक्तात पडून तो वायरलेसवर आपली मृत्युपूर्व जबानी देतो. चाहते आजही तो प्रसंग सांगतात. दुकानदाराला मिळाला एक गल्ला आणि एक नकार.

मॅकगव्हर्नच्या बाजूने एक गोष्ट मांडायला हवी. त्याने खून रंजक केलेला नाही आणि अल्बीला माफही केलेले नाही. डाव्या विचारांचा, कामगार चळवळीतला माणूस वर्णद्वेष्ट्याचे रूप पांघरतो तेव्हा तो आपल्याच सारख्या कष्टकऱ्याला मारतो, ही विसंगती लेखकाला नक्की दिसली होती. हिल्सबरोची गोष्ट खुन्याच्या तोंडून सांगून भागणार नाही, हेही त्याला कळले असावे. १९९६ मध्ये त्याने ‘हिल्सबरो’ हे वास्तवावर आधारलेले नाट्य लिहिले. त्यात दोन मुली गमावलेल्या बापाचे काम ख्रिस्तोफर एक्लस्टनने केले. ‘क्रॅकर’मधला बिलबरो तोच. तिथे मेलेल्यांची बाजू त्यांची माणसेच मांडतात, संगीन कुणाच्याच हाती नाही. तरीही पहिल्या कथाभागातली उणीव त्याने भरून निघत नाही.

त्या काळात मी अशाच एका कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणत असे. दुकानदार माझ्याशी हिंदीत बोले. तो भाग पाहिल्यानंतर आठवडाभर मी दुकानात शिरताना आधी दाराकडे पाहत होते. हे मी मैत्रिणीला तेव्हा सांगितले नाही. तिची माणसे त्या मैदानावर होती. तिच्या रडण्यापुढे माझी भीती काढणे बरे दिसले नसते.

या वेळी फिट्झने आकडा उलगडला आणि शहाण्णव म्हणाला, तेव्हा ती पडद्याकडे पाहून लगेच म्हणाली, “सत्त्याण्णव.” इतकी वर्षे आकडे दुरुस्त करायची तिला सवयच झाली आहे. मी तिला दुकानदाराचे नाव विचारले. तिला आठवेना. खरे तर मलाही आठवत नव्हते. आम्ही श्रेयनामावली येईपर्यंत थांबलो आणि वाचले : शाहिद अली.

तिने ते नाव दोनदा उच्चारून पाहिले, मग पहिला भाग पुन्हा सुरुवातीपासून लावला.