'हाउएव्हर' म्हणजे 'पण' नव्हे

शालेय मार्गदर्शकांत 'बट' आणि 'हाउएव्हर' एकाच ओळीत बसवून दोन्हींपुढे 'पण, परंतु' असा अर्थ छापतात. दोन्ही उभयान्वयी, की प्रकरण मिटले! मला हे वर्गीकरणच मान्य नाही. 'बट' दोन वाक्यांच्या सांध्यावरून हलत नाही. 'हाउएव्हर' मात्र आरंभी, कर्त्यानंतर, अगदी शेवटीही चालते: 'ही डिड नॉट ईट, हाउएव्हर.' असे फिरते ते क्रियाविशेषण. म्हणूनच त्याच्याआधी नुसता स्वल्पविराम देऊन दोन वाक्ये जोडता येत नाहीत. तिथे अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो. आपल्याकडच्या अर्जांत, प्रबंधांतही ही चूक सर्रास आढळते, आणि तिचे मूळ बव्हंशी त्या छापील ओळीत आहे.

मराठीत त्याचा खरा जोडीदार 'मात्र'. 'सगळे जेवले, तो मात्र जेवला नाही' यात विरोधाचा भार 'तो'वर पडतो. कर्त्यानंतरचे 'हाउएव्हर' नेमके हेच करते. तिथे 'पण' घालून पाहा: 'तो पण जेवला नाही' म्हणजे तोसुद्धा उपाशीच! वर्तमानपत्रांत हल्ली 'मात्र' वाक्यारंभी येऊन पुढे स्वल्पविराम घेते. हा मला 'हाउएव्हर'चाच संसर्ग वाटतो.