शस्त्रक्रियाकाळातील मेंदूचे ऑक्सिजनमापन : अभ्यासांचा शोध आणि निवड यांची चिकित्सा

भूल दिलेल्या रुग्णाच्या मेंदूला पुरेसा ऑक्सिजन मिळतो आहे किंवा नाही, हे रुग्ण स्वतः सांगू शकत नाही. हृदयशस्त्रक्रियेत तर रक्ताभिसरणच काही काळ यंत्राच्या हवाली केलेले असते. अशा वेळी कपाळावर चिकटपट्टीसारखे संवेदक लावले जातात. त्यांतून सोडलेला अवरक्त प्रकाश त्वचा आणि कवटी ओलांडून मेंदूच्या पुढील भागातील रक्तापर्यंत पोहोचतो व त्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण पडद्यावर सतत दाखविले जाते. प्रकाशाचा असा उपयोग शक्य आहे, हे फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. या मापनाने रुग्णाचे हित साधते काय, या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे यून यू आणि सहकाऱ्यांनी केलेला व कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा होय. प्रस्तुत लेखाचा विषय ते यंत्र नव्हे. या आढाव्यासाठी अभ्यास कोठे शोधले, कोणते स्वीकारले आणि त्या निवडीने उत्तराला कोणता आकार दिला, एवढाच येथील प्रश्न आहे.

शोधाची पहिली अडचण नावाची असते. हे एकच तंत्र कोणी ‘सेरेब्रल ऑक्सिमेट्री’ म्हणून नोंदवितो, कोणी ‘निअर इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी’ म्हणून, कोणी केवळ ‘इन्व्हॉस’ या यंत्राच्या व्यापारी नावाने. उलट, हाच प्रकाश धान्यातील ओलावा आणि प्रथिने मोजण्यासाठीही वापरला जातो. त्यामुळे नुसते तंत्राचे नाव टाकून शोध घेणाऱ्याच्या हाती मेंदूऐवजी गहू लागण्याचा संभव अधिक! भुलीच्या शास्त्राचे इंग्रजी नावही ब्रिटिश आणि अमेरिकी अशा दोन वर्णलेखनांत आढळते. (संकल्पनेला नेमकी संज्ञा असावी, हा आग्रह नागपूरला अपरिचित नाही, डॉ. रघुवीर यांचे पारिभाषिक कोशकार्य १९४० च्या दशकात याच शहरात चालले होते.) सदर आढाव्याच्या कर्त्यांनी मेडलाइन, एम्बेस आणि कॉक्रेनची स्वतःची चाचणीसूची डिसेंबर २०१६ पर्यंत धुंडाळली, जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणी-नोंदणीचाही शोध घेतला आणि भाषेचे बंधन ठेवले नाही. शोध म्हणून हे काम चोख आहे.

निवडीची चाळणी मात्र अधिक बारकाईने पाहावी लागते. रुग्णांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने केलेल्या चाचण्यांनाच तीत प्रवेश होता आणि मापनाचा काळ शस्त्रक्रिया व त्यानंतरचे ७२ तास एवढा धरला होता. यंत्राचा आकडा पाहून उपचार केलेले रुग्ण एका बाजूला, तर आकडा झाकून ठेवलेले किंवा मापनच न केलेले दुसऱ्या बाजूला, अशी तुलना अपेक्षित होती. हा निकष योग्यच आहे, कारण मापन स्वतः काहीच बरे करीत नाही. आकडा घसरल्यावर भूलतज्ज्ञ डोक्याची स्थिती तपासतो, रक्तदाब वाढवितो, श्वसन बदलतो, तेव्हाच रुग्णाच्या बाबतीत काही घडते.

या चाळणीतून १५ चाचण्या आणि १,८२२ प्रौढ रुग्ण उरले. त्यांपैकी १० चाचण्या हृदय किंवा महाधमनीच्या शस्त्रक्रियांच्या होत्या. बालकांवरील एकही चाचणी स्वीकारली गेली नाही. १२ अभ्यास वर्गीकरणाच्या प्रतीक्षेत राहिले, ८ अद्याप चालू होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये शोध पुन्हा घेतला गेला, पण त्यातून मिळालेले अभ्यास आढाव्यात समाविष्ट झाले नाहीत. ही उणीव कर्त्यांनीच नोंदविली आहे, हे विशेष. पक्षाघाताविषयीचे उत्तर दोन चाचण्यांतील २४० रुग्णांवर उभे आहे. तेथे सापेक्ष धोका ०.२५ इतका निघाला, परंतु त्याची विश्वासमर्यादा ०.०३ ते २.२० अशी आहे. म्हणजे धोका जवळजवळ नाहीसा होण्यापासून दुपटीहून अधिक वाढण्यापर्यंत काहीही संभवते. ‘पुरावा अपुरा आहे’ हे कर्त्यांचे विधान यावरूनच आलेले आहे. रुग्णालयाच्या खरेदी समितीपुढे तेच विधान ‘उपयोग नाही’ असे वाचले गेले, तर दोष आढाव्याचा म्हणता येणार नाही.

तथापि विदर्भातील रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न या चाळणीच्या बाहेरच राहतो. प्रकाश त्वचेतून जातो आणि त्वचेतील रंगद्रव्य प्रकाश शोषते. अमेरिकेतील हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील २०१५ च्या एका अभ्यासात आफ्रिकी-अमेरिकी रुग्णांचे मेंदूच्या ऑक्सिजनचे आकडे श्वेतवर्णीयांच्या तुलनेत कमी आढळले आणि रंगद्रव्य मापनात अडथळा आणते, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. बोटाला लावावयाच्या पल्स ऑक्सिमीटरबाबत २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील लेखाने नेमका उलट दोष दाखविला होता. तेथे कृष्णवर्णीय रुग्णांचा ऑक्सिजन प्रत्यक्षाहून जास्त दिसत होता आणि यंत्राने न पकडलेली घट त्यांच्यात श्वेतवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट वेळा आढळली. मेंदूच्या बाबतीत सामान्यतः रुग्णाच्या स्वतःच्या मूळ आकड्यापासून २० टक्क्यांची घट, अथवा ५० च्या खाली गेलेला आकडा, हा इशारा मानतात. पैकी दुसरा निकष सावळ्या त्वचेच्या रुग्णास सरसकट लावल्यास विनाकारण उपचार होण्याची शक्यता आहे. परंतु २०१५ चा तो अभ्यास निरीक्षणात्मक होता. यादृच्छिक चाचण्यांपुरत्या केलेल्या निवडीत त्याला स्थान मिळणे शक्यच नव्हते. कॉक्रेनच्या कर्त्यांनी परिणामाचा प्रश्न विचारला होता, अचूकतेचा नव्हे. म्हणून त्यांना चूक ठरविता येणार नाही. पण त्यांचा आढावा हाती घेऊन नागपुरात निर्णय करणाऱ्याला, विचारलाच न गेलेला प्रश्नही सुटला असे वाटू शकते, आणि धोका तेथे आहे.

बालकांची उणीव पुढे अंशतः भरून निघाली. १,६०१ अतिअपरिपक्व नवजातांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. मृत्यू किंवा गंभीर मेंदूविकार यांत लक्षणीय फरक आढळला नाही. ही बालके अर्थातच शस्त्रक्रियेची नव्हती.

वैद्यकाबाहेरील प्राध्यापकांचाही या चर्चेशी संबंध आहे. विद्यापीठीय प्रबंधांतील ‘संशोधन-साहित्याचा आढावा’ या प्रकरणात कोणत्या सूचीत, कोणत्या शब्दांनी, कोणत्या तारखेपर्यंत शोध घेतला, याची नोंद क्वचितच असते. काय वगळले, हे तर जवळजवळ नसतेच. कॉक्रेनच्या कर्त्यांशी मतभेद नोंदविता येतो, तो त्यांनी चाळणी उघड केल्यामुळेच. ही पद्धत येथून दूरची नाही. मधुकर पै आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त पद्धतशीर आढाव्याचे सचित्र मार्गदर्शन केले होते. आरोग्यकर्मचाऱ्यांतील क्षयरोगावरील, ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये २००६ साली आलेल्या आढाव्याचे पहिले लेखक राजनीश जोशी हे नागपूरच्या शेजारील सेवाग्रामचे होते.

त्वचेच्या रंगाचा प्रश्न सोडवावयाचा झाल्यास स्वतंत्र शोध लागेल. त्यात निरीक्षणात्मक अभ्यास आणि निरोगी स्वयंसेवकांवरील मापन-तुलना स्वीकाराव्या लागतील, तसेच ‘रंगद्रव्य’ आणि ‘वंश’ यांच्या पर्यायी इंग्रजी संज्ञांची यादी आधी करावी लागेल. पबमेड सर्वांना विनामूल्य खुले आहे आणि शासकीय संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना लागू झालेली आहे.