खंदक आणि रसद : सँडस्टॉर्म या ॲप-मंचाची समीक्षा

आपली टिपणे, तक्ते, कामांच्या याद्या एखाद्या कंपनीच्या संगणकावर न ठेवता स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता याव्यात, यासाठी अनेक मुक्त सॉफ्टवेअर निघाली. त्यांत सँडस्टॉर्मची रचना मला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. केंटन वार्डा आणि जेड वँग यांनी 2014 मध्ये हा प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी लोकवर्गणीही जमवली. तो कसा बसवायचा हे थोडक्यात पाहू. पण खरा प्रश्न बसवल्यानंतरच्या तीन-चार वर्षांचा आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पानिपत शहराबाहेर काला अंब हे 1761 च्या लढाईचे स्मारक आहे आणि 14 जानेवारीला तिथे मराठी माणसे जमतात. समजा, एका महाविद्यालयाच्या इतिहास मंडळाला तिथली छायाचित्रे, मोडी कागदांची लिप्यंतरे आणि सभासदांची टिपणे एकत्र ठेवायची आहेत.

बसवणे सोपे आहे. 64-बिट लिनक्स असलेले यंत्र, साधारण दोन जीबी मेमरी आणि टर्मिनलमध्ये एकच आज्ञा एवढे पुरते. बसवणारा प्रोग्राम काही प्रश्न विचारतो, ‘सँडकॅट्स’ या सेवेवर एक फुकट पत्ता मिळवून देतो आणि एचटीटीपीएसचे प्रमाणपत्रही लावून देतो. मग ॲप-बाजारातून इथरपॅड किंवा वेकान एका क्लिकवर घेता येते.

आता रचना. नेहमीच्या वेब-ॲपमध्ये सगळ्यांचे सगळे दस्तऐवज एकाच डेटाबेसमध्ये असतात. ॲपमध्ये एक भोक सापडले की सगळेच उघडे पडते. सँडस्टॉर्म प्रत्येक दस्तऐवजाला ‘ग्रेन’, म्हणजे दाणा, म्हणतो आणि प्रत्येक दाण्याला वेगळ्या बंद पेटीत चालवतो. पेटीतून बाहेरच्या जाळ्यावर परस्पर जाता येत नाही. दस्तऐवज कोणाला दिसावा, कोणाला बदलता यावा, हे ॲप ठरवत नाही, मंच ठरवतो. लिनक्स कर्नलमधल्या आणि ॲपमधल्या ज्या उणिवा या पेटीमुळे निष्प्रभ ठरल्या त्यांची यादीच प्रकल्पाच्या कागदपत्रांत आहे. ऑपरेटिंग सिस्टिम शिकणाऱ्याने, सँडस्टॉर्म कधी बसवायचा नसला तरी, ही रचना वाचावी.

उणीव दुसरीकडे आहे, आणि ती सांगायला पानिपतचाच दाखला घेतो. भाऊसाहेबांच्या छावणीभोवती खंदक होता, इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता. पण ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता अडला. डिसेंबरमध्ये रसदीची कामगिरी सांभाळणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. खंदक शाबूत असतानाच छावणीत उपासमार सुरू झाली.

सर्व्हरची रसद म्हणजे नव्या आवृत्त्या. सँडस्टॉर्मचे ॲप लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्यांसकट एका गाठोड्यात बांधून येते. मूळ ॲपची नवी आवृत्ती आली की कोणीतरी ते गाठोडे पुन्हा बांधावे लागते. त्यात लॉगिन, वाटप, बाहेरची जोडणी हे भाग सँडस्टॉर्मच्या पद्धतीने बदलावे लागतात. म्हणजे काम नुसत्या बांधणीचे नाही, दुरुस्तीचेही आहे. पगारी माणसे होती तोवर हे चालले. 2017 मध्ये मूळ चमू क्लाउडफ्लेअरमध्ये गेला, 2019 अखेर ‘ओएसिस’ ही त्यांची होस्टिंग सेवा बंद झाली आणि प्रकल्प स्वयंसेवकांच्या हाती राहिला. मंच चालू राहिला, पण बाजारातली बरीच गाठोडी जुनी होत गेली. जुन्या इथरपॅडमधले भोक शेजारच्या दाण्याला धोका देत नाही, हे खरे. ज्या दाण्यात ते आहे त्याचे काय? मंडळाचे मुख्य लिप्यंतर नेमके त्याच दाण्यात असेल.

लॉगिनचेही पाहा. सँडस्टॉर्म पासवर्ड ठेवत नाही. ईमेलवर एक कोड पाठवतो, किंवा गूगल अथवा गिटहबच्या खात्याने आत घेतो. कोड पाठवायला ईमेल धाडणारी सेवा लागते, आणि ती नसेल तर गूगलचे खाते हाच सोपा मार्ग उरतो. ज्याच्या घरातून बाहेर पडायचे त्याच्याच दारात ओळख पटवायची! सर्व्हर घरी ठेवायचा म्हटले तर आणखी एक अडचण येते. आपल्याकडच्या अनेक घरगुती जोडण्यांवर एकच आयपी पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून तुमच्या यंत्रापर्यंत थेट पोहोचता येत नाही. सँडकॅट्स बदलता पत्ता सांभाळतो, वाटून दिलेला नाही. मग भाड्याचा सर्व्हर घ्यावा लागतो.

यूनोहोस्टची तुलना इथे उपयोगी आहे. तो डेबियनवर आधारलेला असून ॲप स्क्रिप्टने बसवतो, मूळ प्रकल्पाचाच कोड आणून. त्याच्या भिंती बऱ्याच पातळ आहेत, पण नवी आवृत्ती आणण्याचे काम हलके आहे. मंडळाच्या संग्रहासाठी मी यूनोहोस्ट निवडेन. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही निवड कमी दर्जाची आहे, आणि हे लिहिताना मला बरे वाटत नाही.

तरीही सँडस्टॉर्मच हवा असेल, तर बाजारात प्रत्येक ॲपच्या शेवटच्या बदलाची तारीख आधी पाहा. पहिल्याच दिवशी एक दाणा झिप करून उतरवा आणि उघडा. आत ॲपच्या स्वतःच्या साठवणीच्या फाइली दिसतील. त्या नीट वाचायला तेच ॲप लागते. म्हणून लिप्यंतरे दर महिन्याला साध्या मजकुराच्या फाइलीतही काढून ठेवावीत. प्रशासकाचे खाते द्वितीय वर्षाच्या दोघांकडे असावे, कारण तृतीय वर्षाची मुले मे महिन्यात निघून जातात आणि भाड्याच्या सर्व्हरचे बिल जूनमध्येही येते.