खडक आणि द्राक्षं

मांजरीत राहणाऱ्या माणसाने रॉक संगीतावर लिहू नये, असा काही सरकारी नियम नाही. पण आमच्या गावाची कीर्ती ऊस आणि द्राक्षं या दोन गोड गोष्टींवर उभी आहे. उसासाठी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, द्राक्षांसाठी राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. रॉकसाठी काहीच नाही. तेव्हा ही उणीव भरून काढायला अस्मादिकच पुढे सरसावत आहेत.

निमित्त झाला आमचा भाचा. २०१२ साली तो एक सीडी घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या वेळचा बँड. परत आलाय." 'तुमच्या वेळचा' हे शब्द त्याने अशा सुरात उच्चारले की मी पानिपतावरून जखमी होऊन परतलोय असं मलाच वाटायला लागलं. सीडीचं नाव 'इव्हॉल्व्ह', बँड 'इंडस क्रीड'.

आता हे इंडस क्रीड म्हणजे कोण, तर पूर्वाश्रमीचे 'रॉक मशीन'. १९८४ साली मुंबईत निघालेला बँड. त्या काळी आपल्याकडे बँडने परदेशी गाणी हुबेहूब वाजवायची, हा रिवाज होता. जितकं हुबेहूब तितक्या टाळ्या. म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाला कलादालन म्हणण्यातलाच प्रकार. या पोरांनी मात्र स्वतःची गाणी करायचा उद्योग आरंभला. १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड', १९९० साली 'द सेकंड कमिंग'. ती कॅसेट मी इतकी घासली की शेवटी टेप बाहेर आली आणि पेन्सिलीने गुंडाळून आत घालावी लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरात ती पेन्सिल अभ्यासाला कधी मिळालीच नाही.

त्या गाण्यांची खुबी काय होती? गिटारचा दणका होता, पण दणक्याच्या पोटात गोडवा होता. 'टॉप ऑफ द रॉक' एकदा ऐकलं की ध्रुवपद डोक्यात बिऱ्हाड करून बसायचं आणि भाडंही द्यायचं नाही. इंग्रजी न कळणारा माणूससुद्धा दुसऱ्या खेपेला त्यात सूर मिसळायचा. आमच्या वडिलांनी एकदा आंघोळ करताना ते गुणगुणलं होतं. अर्थात शब्द 'गणपती अथर्वशीर्षा'चे होते.

१९९३ साली नाव बदललं, 'इंडस क्रीड' झालं. 'प्रिटी चाइल्ड'ची चित्रफीत एमटीव्हीवर गाजली. १९९५ साली बँडच्याच नावाचा अल्बम आला, १९९७ साली बँड मोडला. २०१० साली मंडळी पुन्हा जमली आणि २०१२ साली हा 'इव्हॉल्व्ह'. दोन अल्बममध्ये अंतर सतरा वर्षांचं. एवढ्या काळात आमच्याकडे तीन गॅस शेगड्या बदलल्या.

जुन्यांपैकी गायक उदय बेनेगल, गिटारवाले महेश तिनईकर आणि कीबोर्डवाले झुबिन बालापोरिया. जोडीला बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी ही पुढच्या पिढीतली माणसं. एकूण आठ गाणी. मिश्रणाचं काम टिम पामर यांचं, म्हणजे ज्यांनी पर्ल जॅमच्या 'टेन'चं मिश्रण केलं ते.

मी सीडी लावली आणि ध्रुवपदाची वाट बघत बसलो. 'फायरफ्लाइज' सरलं, 'डिझॉल्व्ह' सरलं. बिऱ्हाड करायला कुणी आलंच नाही! गिटार जड झालेली, गाणी ऐसपैस पसरलेली, कुणाला कसली घाईच नाही. सौ. म्हणाली, "हे सुरू झालंय का अजून जुळवाजुळवच चाललीय?" मी तिला गप्प केलं, पण मनात माझंही तेच चाललं होतं. खोटं कशाला बोला, पहिल्या दिवशी मी चिडलो. सतरा वर्षांनी घरी आलेल्या मित्राने गप्पा न मारता योगासनं करून दाखवावीत, तसं वाटलं.

शेजारचे अण्णा जुने बागाईतदार. त्यांच्यापाशी मी ही तक्रार केली. त्यांना रॉक म्हणजे मुरूम फोडताना लागतो तेवढाच ठाऊक. पण त्यांनी विचारलं, "खरड छाटणी झालीय का त्यांची?" द्राक्षाला वर्षातून दोनदा छाटतात. ऑक्टोबरात फळासाठी आणि एप्रिलात ही खरड छाटणी. एप्रिलात वेल अशी खरडतात की नवख्याला वाटावं, बाग गेली. त्या छाटणीला द्राक्ष लागत नाही. तेव्हा नुसती काडी तयार होते. पण ती काडी नीट झाली नाही तर पुढे घड कुठून यायचे?

मी पुन्हा ऐकायला बसलो. या वेळी ध्रुवपदाची वाट न बघता. आणि मग 'टेक इट हार्डर' ऐकताना, 'नो डिसग्रेस' ऐकताना कळलं की पोरांनी (पन्नाशीकडे झुकलेल्यांना पोरंच म्हणायचं, नाहीतर आपलं वय निघतं) गोडवा विसरलेला नाही, मुद्दाम छाटलाय. बेनेगलांचा आवाज आता टाळ्या मागत नाही, सांगायचं ते सांगतो. तिनईकरांची गिटार पूर्वी वरातीच्या पुढे नाचायची, इथे ती वरातीची जबाबदारी घेऊन चालते. नवे ड्रम आणि बेस तर फारच तालेवार. जुनीच गाणी नव्या दमाने गाऊन गल्ला भरायची सोय असताना हे करायला छाती लागते.

तरीही एक तक्रार राहतेच. आठातलं निदान एक तरी गाणं आंघोळीला न्यावं असं हवं होतं. 'बुलेटप्रूफ' न्हाणीघराच्या दारापर्यंत येतं आणि परत फिरतं. शिवाय शेवटच्या गाण्याचं नाव 'गुडबाय'! तेरा वर्षांनी एकत्र यायचं, दोन वर्षं खपून अल्बम करायचा आणि निरोप घ्यायचा? अस्सल पुणेकर निदान दारात उभं राहून अर्धा तास तरी बोलला असता.

ऐकून झाल्यावर मी माळ्यावर चढलो. १९८८ साली आम्हा चौघांचाही एक बँड होता. तो मोडायला भांडणसुद्धा लागलं नाही, नोकऱ्या लागल्या एवढंच. गिटार गोधड्यांच्या खाली होती. सौ. खालून म्हणाली, "भंगारात द्यायचीय का?"

"राहू दे खालीच," मी म्हटलं.

पहिलीच तार जुळवताना तुटली. हडपसरात कुठे मिळते का, ते दुसऱ्याच दिवशी विचारून आलो.