वाजणारा डबा

भुलाबाईचा विषय निघाला की बोलणं गाण्यांकडे वळतं. ते साहजिक आहे. गाणी लिहून घेता येतात, पाठ करता येतात, सरोजिनी बाबरांसारख्या अभ्यासकांनी बायकांच्या तोंडची गाणी मेहनतीने गोळा केली म्हणून ती पुस्तकांत तरी सापडतात. खिरापतीच्या डब्याचं तसं नाही. तो त्या संध्याकाळी उघडतो आणि संपतो. पण मला भुलाबाईची संध्याकाळ ही एकच सलग रचना वाटते. मखर, गाणं आणि खिरापत असे तिचे तीन चरण आहेत आणि तिसऱ्या चरणाशिवाय पहिल्या दोहोंचा अर्थ पुरता लागत नाही.

ही संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढे येते ती आर्वी तालुक्यातल्या रोहण्याची, पुलगाव-आर्वी छोट्या रेल्वेच्या जुन्या वाटेवरच्या गावाची. मुलूख कपाशी, सोयाबीन आणि तुरीचा. इकडे वऱ्हाडात-विदर्भात भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते ती आश्विनातल्या कोजागिरीपर्यंत. २०२५ साली हा महिना ७ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर असा होता. मातीची रंगवलेली जोडी असते, भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर. भुलाबाई महिनाभर माहेरी आलेली असते, अशी समजूत. दिवेलागणीला गल्लीतल्या मुली जमतात, आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. टिपऱ्या नाहीतर टाळ्या, आठ-दहा गाणी, आणि मग घरातली काकू किंवा आजी पदराआडून एक झाकलेला डबा पुढे आणते.

डब्याकडे येण्याआधी मखर पाहायला हवं. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचं मखर करतात. धांडे कणसांसकट आणायचे, वर एकत्र बांधायचे, खाली फाकवायचे, मधोमध पाट आणि पाटावर जोडी. झेंडूची माळ, शेवंती, कुणी घोटीव कागदाच्या साखळ्या आणि पताका सोडतं. यातलं देखणेपण हिशेबाने आलेलं नाही, हंगामाने आलेलं आहे. त्याच दिवसांत कणसात दाणा भरत असतो, धांडा हिरवा आणि ताठ असतो, कणसाच्या भाराने शेंडा किंचित वाकतो. मखराला जी कमान येते ती त्या वाकण्यातून येते. कुणी ती आखलेली नसते. बाजारातलं थर्माकोलचं मखर कितीही कोरीव असलं तरी त्याची कमान कुठल्या दाण्याच्या वजनाने वाकलेली नसते.

धांडा हे मुलांचं जुनं सामान. वाळलेल्या कडब्यातला धांडा सोलला की साल निघते, पातळ आणि इतकी धारदार की बोट कापतं. आत पांढराशुभ्र हलका भेंड. सालीचा तुकडा टोकाशी तिरपा मोडला की त्याचा खिळा होतो आणि तो भेंडात सहज रुततो. ना डिंक, ना दोरा. याच दोन वस्तूंतून बैलगाडी होते, पाळणा होतो, भुलाबाईपुढे ठेवायची इवलीशी बाज होते. एकाच काडीतून लाकूड आणि खिळा दोन्ही काढणारी ही कारागिरी मला फार मोठी वाटते, आणि ती आठ-दहा वर्षांच्या हातांची आहे.

आता अडचण अशी की ज्वारीच राहिली नाही. पाखरं, रानडुकरं आणि न परवडणारा भाव यांनी या भागातला ज्वारीचा पेरा पार आटवला. सोयाबीन गुडघ्याएवढं, कोजागिरीच्या सुमारास त्याची सोंगणी सुरू असते, त्याच्या काड्यांनी मखर उभं राहत नाही. कपाशीला बोंडं धरलेली असतात, तिला हात लावायचा नाही. तुरीला अजून फूलही आलेलं नसतं. मग कुणी धुऱ्यावर चार तासं ज्वारीची टाकून ठेवतं, वैरणीसाठी आणि मखरासाठी. या सणाची सजावट शेतात काय पेरलं जातं यावर इतकी टेकलेली आहे, हे मखर बांधायला बसल्यावरच कळतं.

गाण्यांपैकी एकच घेतो, कारल्याच्या वेलाचं. ते भुलाबाईत आहे, हादग्यात आणि भोंडल्यातही आहे, आणि गावागणिक त्याचे पाठ बदलतात. सून सासूकडे माहेरी जायची परवानगी मागते. सासू नाही म्हणत नाही. ती म्हणते, आधी कारल्याचं बी लाव. बी लावलं, आता जाऊ? वेल येऊ दे. वेल आला, आता? फूल लागू दे. मग कारलं लागू दे, मग भाजी कर, मग जेवणं होऊ देत, मग उष्टं-खरकटं आवर. प्रत्येक कडव्यात एकच शब्द बदलतो, बाकी सगळं तसंच. म्हणून पाच वर्षांची पोरही दुसऱ्या कडव्यापासून गायला लागते, आणि म्हणूनच ते गाणं एवढं टोचतं. सासूच्या तोंडी एकही कठोर शब्द नाही. तिची प्रत्येक अट रास्त आहे, घरातली आहे, आणि प्रत्येक अटीमागे आणखी एक तयार आहे.

यात एक शेतीचा हिशेब दडला आहे. कारल्याचं बी टाकल्यापासून पहिलं कारलं तोडायला साधारण ५५ ते ६० दिवस लागतात. भुलाबाईचा महिना तीस दिवसांचा. म्हणजे भाद्रपद पौर्णिमेला जिने परवानगी मागितली तिच्या वेलाला कोजागिरीपर्यंत फार तर फूल आलेलं असेल. भुलाबाई माहेरचा महिना संपवून परत निघेल आणि गाण्यातली सून अजून वेलाला पाणी घालत असेल. ज्या बायांनी हे गाणं रचलं त्या शेतात राबणाऱ्याच असणार. वेलाला किती दिवस लागतात हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी पालकाची जुडी निवडली नाही, जी महिन्याभरात ताटात येते. कारलं निवडलं.

हे गाणं संपतं आणि डबा येतो. मग जे घडतं त्याची घडण त्या गाण्याशी हुबेहूब जुळते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हापासून ही संध्याकाळ मला वेगळी दिसू लागली. मुली विचारतात, "गोड का तिखट, काकू?" काकू डबा कानाशी वाजवून दाखवते. "फुटाणे?" नाही. "चिवडा?" नाही. "शंकरपाळे?" अं हं. पुन्हा वाजवते. इथेही एकच शब्द बदलत जातो आणि उत्तर लांबत जातं. अडवणारी बाईही वयाने सासूच्याच जागी. पण गाण्यात अडवणूक होती, इथे अडवणं हाच लाड आहे. गाण्यात सून घरासाठी रांधत होती, इथे घर मुलींसाठी रांधून बसलं आहे. त्यांनी हरावं असं कुणालाच वाटत नसतं, फक्त लवकर जिंकू नये एवढंच. शेवटी "हरलो म्हणा" झालं तरी वाटा सगळ्यांना सारखाच मिळतो, ओळखणारीला आणि न ओळखणारीलाही.

डब्याची भाषा कानाची आहे. मुरमुरे खुसखुसतात, शेंगदाणे टणटण वाजतात, शंकरपाळे खडखडतात पण कोरडेपणाने, करंज्या दोन-तीनदा आपटून गप्प होतात. वर्ध्याहून कुणी गोरसपाक आणलेला असला, तो गाईच्या तुपातला, तर एक बसका आवाज येतो आणि मोठ्या मुली लगेच ओळखतात. घरची बाई हुशार असली तर डबा रुमालात गुंडाळते, किंवा ठासून भरते म्हणजे हलायला जागाच उरत नाही. स्वयंपाक करताना आवाजाचा विचार करावा लागतो असा दुसरा प्रसंग मला तरी माहीत नाही.

या भाषेत अलीकडे एक नवा शब्द आला आहे, केक. मुली तो स्वतः करतात, कुकरमध्ये. शिट्टी आणि रबर काढून ठेवायचं, तळाला मिठाचा किंवा चाळलेल्या वाळूचा थर, त्यावर ताटली, दहा मिनिटं कुकर तापवून मग तूप लावून मैदा भुरभुरलेला डबा आत. मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. अंडं नको असतं, म्हणून दही आणि खाण्याचा सोडा. बिस्किटांच्या चुऱ्याचा केक असेल तर दूध आणि इनो, आणि इनो घातल्यावर क्षणभरही थांबायचं नाही, फेस बसला की केक बसला. आच खालून लागते म्हणून तळ खमंग तांबूस होतो आणि माथा फिका राहतो, वर भेगाही पडतात. मग तो ताटात पालथा घालतात, तांबूस बाजू वर येते, तिच्यावर टुटीफ्रुटी. ज्या घरांत आजीच्या काळी दिवाळीआधी तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानखटाई भाजून आणत, त्या घरांतली भट्टी आता ओट्यावर आली आहे.

काही मोठ्या बायकांना हे रुचत नाही. केक म्हणजे वाढदिवसाचा, भुलाबाईला कशाला, असं त्या म्हणतात. मला हे पटत नाही. भुलाबाईच्या खिरापतीला ठरलेला नैवेद्य नाही. ज्या दिवशी घरात जे जमलं ते, हाच तिचा नेम आहे, आणि कोजागिरीला काही घरी बत्तीस-तेहतीस प्रकार मांडतात ते याच मोकळीकीच्या बळावर. अडचण दुसरीच आहे आणि ती फार सुरेख आहे. केक वाजत नाही. डबा हलवला की आतून एक मऊ धक्का बसतो, बस. सांबारवडी आणि शिरा यांनी हा डाव पूर्वीच खेळून ठेवला आहे, केक त्यांच्याच पंगतीतला. पण त्याला लपता येत नाही. डब्याचा तळ अजून कोमट असतो, आणि झाकणाच्या फटीतून व्हॅनिलाचा वास निसटतो. मग मुली कान सोडून नाकाने आणि तळहाताने ओळखू लागतात. डबा हातोहात फिरतो, जी ती त्याच्या बुडाला हात लावून पाहते, आणि एखादी चिमुरडी, जिला अजून एकही गाणं धड येत नाही, सगळ्यांच्या आधी ओरडते. नव्या पदार्थाने जुना खेळ मोडला नाही, त्याला आणखी दोन इंद्रियं दिली.

आता भुलाबाई शाळांच्या पटांगणावर आणि मंचावरही येते. स्पर्धा होतात, फेराला गुण, टिपऱ्यांना गुण, नऊवारीला गुण. या निमित्ताने गाणी मुलींच्या तोंडी राहतात, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिथे खिरापत कार्यक्रम संपल्यावर पुडक्यांतून वाटतात, प्रत्येकीच्या हातात एक, आत काय आहे ते बाहेरूनच दिसतं. कारल्याच्या वेलाचं गाणं तेवढं गायलं जातं आणि त्याचं उत्तर मंचावर येतच नाही. मुली रडवं गाणं हसत गाऊन खाली उतरतात. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. एक गाणं कमी करा आणि त्या वेळात डबा मंचावर आणा. मुलींनीच घरून करून आणलेला, रुमालात बांधलेला. प्रेक्षकांतल्या आयांना ओळखू द्या, परीक्षकांनाही ओळखायला लावा, आणि त्यांनी पहिल्याच फटक्यात बरोबर सांगितलं तरी मुलींनी निदान तीनदा "नाही" म्हणावं.