मेरी सीकोल यांचे आत्मवृत्त आणि त्यांच्या नावाचे अनुदान

ब्रिटनमध्ये १९९४ साली मेरी सीकोल यांच्या नावाने एक पुरस्कारयोजना सुरू झाली. परिचारिका, सुइणी व घरोघर जाऊन आरोग्यशिक्षण देणाऱ्या हेल्थ व्हिजिटर यांना कृष्णवर्णीय व इतर वांशिक अल्पसंख्य समाजांच्या आरोग्याचा अभ्यास करता यावा आणि त्यायोगे त्यांच्या ठिकाणी नेतृत्वाची पात्रता यावी, हा तिचा हेतू. पुढील काळात मोठ्या पुरस्काराची मर्यादा १२,५०० पौंड व लहान पुरस्काराची ६,२५० पौंड होती. हेतू स्तुत्य आहे यात शंका नाही. परंतु ज्या स्त्रीच्या नावाने हे द्रव्य दिले गेले, तिने १८५७ साली प्रसिद्ध केलेले आत्मवृत्त शेजारी ठेवून वाचले असता या योजनेचे स्वरूप निराळे दिसू लागते.

हे आत्मवृत्त बहुधा करुणेची कथा म्हणून वाचले जाते. वस्तुतः ते पैशाच्या हिशेबाचे पुस्तक आहे. किंग्स्टन येथे १८०५ साली जन्मलेल्या सीकोलबाई वैद्यक शिकल्या त्या औषधोपचार जाणणाऱ्या आपल्या आईपाशी, आणि तिच्या खाणावळीत उतरणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या सहवासात. पनामातील क्रूसेस येथे पटकीची साथ आली तेव्हा, दगावलेल्या एका अर्भकाचे प्रेत पुरावयास नेणाऱ्या माणसाला पैसे देऊन त्यांनी थांबविले व गुपचूप त्याचे शवविच्छेदन केले. रोग कळावा म्हणून केलेला हा खर्च त्यांचा स्वतःचा होता. हा प्रसंग वाचकाला अस्वस्थ करतो, आणि करावाच. पण शिक्षणाची सर्व द्वारे बंद असलेल्या बुद्धिमान स्त्रीने ज्ञान कोणत्या मार्गाने मिळविले याचा इतका निःसंकोच दाखला अन्यत्र क्वचितच सापडेल.

१८५४ साली लंडनमध्ये युद्धखात्यापासून क्रिमियन फंडापर्यंत अनेकांकडे त्यांनी विनंती केली. सर्वत्र नकार मिळाला. वर्णामुळे आपल्याला डावलले असेल काय, ही शंका त्या ग्रंथात उघड बोलून दाखवितात. अखेर त्या स्वखर्चाने क्रिमियात गेल्या आणि टॉमस डे यांच्या भागीदारीत बालाक्लाव्हाजवळ ‘ब्रिटिश हॉटेल’ चालवू लागल्या. अधिकाऱ्यांना माल विकावा आणि त्या व्यापाराच्या आधाराने आजारी शिपायांची सेवा करावी, असा तो क्रम होता. १८५६ साली युद्ध संपले, माल पडून राहिला, दिवाळे निघाले. ग्रंथ लिहिला गेला तो या कर्जाच्या छायेत. त्यातील विनोदी व आर्जवी स्वर इंग्रज वाचकाची खुशामत करतो, तुर्क व ग्रीक लोकांविषयी तो अनुदारही होतो. पण तो स्वर ग्राहक राखू पाहणाऱ्या दुकानदार स्त्रीचा आहे, हे विसरल्यास टीका अन्याय्य होईल.

त्याच काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या गौरवार्थ लोकवर्गणीतून उभारलेल्या निधीतून १८६० साली सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय निघाले. सीकोलबाईंसाठीही १८५७ साली लंडनमध्ये मदतीचा उत्सव झाला, पण त्यातून त्यांच्या हाती फारच थोडे आले. एका निधीतून शिष्यपरंपरा निर्माण झाली. दुसऱ्यातून कर्जाचीही नीट फेड झाली नाही. दोघींच्या कर्तृत्वाची तुलना करीत बसणारे टीकाकार या फरकाकडे फारसे पाहत नाहीत.

विसाव्या शतकात हाच प्रश्न प्रमाणपत्राच्या रूपाने पुन्हा उभा राहिला. १९४३ च्या कायद्याने साहाय्यक परिचारिकांची वेगळी नोंदवही आली. दोन वर्षांचे शिक्षण घेतलेल्या या परिचारिका तीन वर्षांच्या शिक्षणाने नोंदणीकृत झालेल्यांच्या खालच्या मानल्या जात. युद्धानंतर कॅरिबियन बेटांतून आलेल्या अनेक तरुणींना, बहुतेकींना भेद न समजावता, या दुय्यम मार्गावर ढकलण्यात आले. बढतीची वाट त्यामुळे अडली, आणि मायदेशी परतल्यास ती पात्रताही निरुपयोगी ठरे.

या पार्श्वभूमीवर १९९४ ची योजना कोठे उभी आहे? ती आत आलेल्यांना वर चढविते. वरच्या जागी अल्पसंख्य कर्मचारी किती विरळ आहेत हे रॉजर क्लाइन यांच्या २०१४ च्या अहवालाने दाखविले. तेव्हा नेतृत्वासाठी दिलेले साह्य निरर्थक म्हणता येत नाही. मात्र आत येण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो. इंग्लंडमध्ये २०१७ पासून नव्या परिचर्या-विद्यार्थ्यांचे विद्यावेतन बंद होऊन त्यांना कर्ज काढावे लागले; २०२० पासून वर्षाला किमान ५,००० पौंडांचे अनुदान सुरू झाले, तरी शिक्षणशुल्काचे कर्ज राहिलेच. सर्वांचा आधार काढून घ्यावयाचा आणि निवडक व्यक्तींना पुरस्कार द्यावयाचा, यात सन्मान आहे, धोरण नाही.

सीकोलबाईंच्या काळी परिचारिकांची नोंदणीच नव्हती, म्हणून त्या स्वतः या योजनेला पात्र ठरल्या असत्या काय असे विचारणे कालविपर्यासाचे होईल. परंतु वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी, अंथरुणाला खिळलेल्यांना न्हाऊमाखू घालणारी, अनुभवाने शिकलेली पण कोणत्याही नोंदवहीत नाव नसलेली सेविका आजची आहे. परिचारिका होण्यासाठी तिला प्रकल्पाचे द्रव्य नको. अभ्यासाच्या काळात बुडणारी मजुरी भरून निघावयास हवी.